पाठीकडून झिजलेली फरशी

१

बाजारात त्यांना सगळे टिचकीशेठ म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? टाइलचा खोका उघडायचा, वरची टाइल दोन बोटांत लोंबती धरायची, टिचकी मारायची आणि कान द्यायचा. टण्णकन वाजली तर पक्की भाजलेली. आवाज बसका आला तर आत कुठेतरी भेग, खोका परत. पुढे ही सवय इतकी वाढली, की शेठ मडक्याला टिचकी मारत, दाराच्या फळीला मारत. जावयानं नवी गाडी दाखवायला आणली तेव्हा तिच्या दारालाही मारली आणि म्हणाले, "पत्रा पातळ दिलाय तुम्हाला." जावई अजून ते विसरलेला नाही.

संशय हे शेठचं भांडवल. शाळा फारशी झाली नव्हती, पण समोरचा माणूस जे सांगतोय त्याच्या पाठीमागे काय आहे, हे ते आधी बघत. या गुणावर तीस वर्षं दुकान चाललं. घरात मात्र हा गुण कधी लागला नव्हता. घरात संशय घ्यावा असं होतंच काय? दोन माणसं आणि बावीस वर्षांपूर्वी स्वतः निवडलेली फरशी.

त्या फरशीवर बायको पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं वाक्य टाकलं ते असं : "अहो, ती फरशी काढा. मग मी घरी येते."

"अगं, बरी हो आधी."

"बरी होईनच. पण त्या फरशीवर पाय ठेवणार नाही. लेकीकडे राहीन."

लेक म्हणाली, "बाबा, घसरडी फरशी आहे. काढूनच टाका." डॉक्टरही मान हलवून म्हणाले, पुन्हा पडल्या तर मग चालणं अवघड आहे.

शेठना पहिला संशय बायकोचाच आला. तो शेवाळी रंग तिला पहिल्या दिवसापासून खुपत होता. "तळ्यात राहिल्यासारखं वाटतं," म्हणायची. दुकानात आलेल्या पहिल्या ट्रकमधले सगळ्यात सरस खोके शेठनी घरासाठी बाजूला काढले होते, त्याला हे उत्तर! आता हाड मोडल्याच्या निमित्तानं बाई जुना दावा जिंकू बघतेय, असं त्यांना वाटलं. तिचा रागही आला नाही. कौतुकच वाटलं.

पण घरी येऊन त्यांनी जागा पाहिली. स्वयंपाकघरातून निजायच्या खोलीकडे जाणारा अरुंद पॅसेज. पाणी नाही, तेल नाही, पायपुसणं नाही. आणि एक गोष्ट मनात अडकून बसली. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा बाई पालथी पडली होती, हात पुढे, तोंड खोलीकडे. शेठनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. घसरलेल्या माणसाचा पाय पुढे जातो आणि तो पाठीवर पडतो. पालथा पडतो तो अडकलेला माणूस.

या गुळगुळीत फरशीत अडकण्यासारखं काय होतं?

२

मिस्त्री सोमवारी सकाळी आला. शेठच्या दुकानातून माल उचलणारा, बोलघेवडा, कामात मात्र सरळ माणूस. बाई शुक्रवारी घरी यायची होती. सोमवार-मंगळवार काढायचं, बुधवार-गुरुवार बसवायचं, असं ठरलं. फक्त खोली, पॅसेज आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत इमारत बांधणाऱ्यानं घातलेला दगड होता, त्याला हात लावायचा नव्हता.

"शेठ, घण घेऊ का? दुपारपर्यंत उडवतो सगळं."

"घण बाहेर ठेव. मला अख्ख्या हव्यात."

"अहो, काढलेल्या टाइल कोण घेतं?"

"कारखाना बंद पडला याचा. हा माल आता जगात नाही."

"बाईसाहेब म्हणतात तेच खरं," मिस्त्री हसला. "तुम्ही घर नाही बांधलंत, गोदाम बांधलंत."

काढायच्या आधी शेठनी गुडघ्यावर बसून सगळीकडे टिचकी मारली. कुठे पोकळ लागत नव्हतं. बावीस वर्षांत एकही टाइल सुटली नव्हती. त्यांची छाती जरा फुगलीच. मिस्त्रीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक टाइल नाइलाजानं फोडली, तिच्या खड्ड्यातून छिन्नी आडवी घातली आणि हातोडीचे हलके ठोके देत पुढची उचलायला लागला. भिंतीकडच्या टाइल घट्ट होत्या. एकेकीला वीस-वीस ठोके. चार निघाल्या की एक तडकत होती.

मग तो मधल्या ओळीला आला आणि थांबला.

"शेठ, ही बघा."

छिन्नी टेकताच टाइल वर आली होती. ठोकाही लागला नव्हता. शेजारची तशीच. त्याच्या पुढची तशीच.

"पोकळ नव्हती," शेठ म्हणाले. "मी आत्ता वाजवली."

"पोकळ नव्हतीच. माल खाली गच्च भरलाय बघा." मिस्त्रीचा माल म्हणजे सिमेंट-वाळू, शेठचा माल म्हणजे टाइल, दोघं बोलताना नवख्याचा गोंधळ व्हायचा. मिस्त्रीनं टाइल उलटी केली, अंगठा फिरवला आणि तिरक्या नजरेनं शेठकडे पाहिलं. "आपल्या घरालासुद्धा वापरलेल्या लावल्यात का हो?"

टाइलच्या पाठीवर उभ्या-आडव्या उठावाच्या रेघा असतात. माल धरून ठेवायला. या टाइलच्या पाठीवर मध्यभागी रेघा नव्हत्या. घासून गेल्या होत्या. हाताला जुन्या पायरीसारखी गुळगुळीत लागत होती.

३

शेठना दुसरा संशय आला तो घाऊक व्यापाऱ्याचा, ज्याला मरून दहा वर्षं झाली होती. तिसरा मिस्त्रीचा : हा पठ्ठ्या आपल्याला बनवतोय. पण मिस्त्री त्यांच्या डोळ्यांदेखत काढत होता. आणि पाठीकडून झिजलेली टाइल जगात कुणी कशी तयार करील? टाइल पुढून झिजते. पाठ जन्मभर अंधारात असते.

"मालही बघा," मिस्त्री म्हणाला. टाइल जिथून निघाली तिथलं सिमेंटसुद्धा तितकंच गुळगुळीत होतं, थोडं चकाकत होतं. "आणि यांच्यामध्ये कागद जाणार नाही इतकी टाइल बसली होती. मग घासलं कुणी, आणि कुठे राहून?"

"ओल असेल."

"ओल फुगवते शेठ, पॉलिश नाही करत."

मग पेन्सिल घेऊन शेठनी निघालेल्या प्रत्येक टाइलच्या पाठीवर ओळ आणि आकडा घातला. मंगळवारी दुपारी सगळी फरशी निघाली. मिस्त्री जेवायला गेला तेव्हा त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि टाइल क्रमानं मांडायला सुरुवात केली, पाठ वर करून.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. एका गिऱ्हाइकानं एकदा तक्रार आणली की वर्षात टाइल झिजल्या. शेठ बघायला गेले. फरशीकडे पाच मिनिटं पाहून म्हणाले, "तुमच्याकडे डावा पाय ओढत चालणारं कुणीतरी आहे, आणि ते आतल्या बंद खोलीतून सारखं दारापर्यंत येऊन परत जातं. त्यांना बाहेर फिरायला नेत जा. टाइलला काही झालेलं नाही." गिऱ्हाइकाची मान खाली गेली. आत त्याचे वडील होते. फरशीवरची झीज शेठना वर्तमानपत्रासारखी वाचता यायची.

आता त्यांनी पॅसेजची ओळ लावली, मग खोलीची, आणि चष्मा पुसून वाचायला लागले.

पाऊलवाट होती. स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून निघालेली, पॅसेजमधून खोलीत गेलेली. पावलं आखूड. डावं पाऊल जरासं बाहेर फाकलेलं. ही चाल त्यांनी या घरात बावीस वर्षं पाहिली होती. एक टाइल त्यांनी सुलटी केली. पुढच्या बाजूला, चकाकी गेलेली जागा अगदी तिथेच, तेवढीच. वरून बायको चालली होती. आणि तिच्या तळव्याला तळवा लावून, खालून...

शेठ उठले, पाणी प्याले. वजन पडतं. बावीस वर्षं एकाच जागी वजन पडलं तर टाइल खालच्या मालावर घासणारच. साधी गोष्ट. मिस्त्रीला इतकी अक्कल नाही, पण आपल्याला तरी आधी सुचायला हवं होतं. त्यांना अगदी हलकं वाटलं.

मग खोलीची शेवटची रांग लावायची राहिली होती, ती लावली. पलंगाखालच्या टाइल. पलंग आला त्या दिवसापासून हललेला नव्हता. तिथं माणसाचा पाय पडायची सोयच नव्हती. टाइलची पुढची बाजू नव्यासारखी चकचकत होती. पाठीवर मात्र दोन खळगे होते, शेजारी शेजारी. सगळ्या घरात इतकी झीज दुसरीकडे कुठेच नव्हती. टाचेकडे उथळ, चवड्याकडे खोल.

कुणीतरी तिथं उभं राहत होतं. पुष्कळ वेळ, पुष्कळ वर्षं. चवड्यांवर भार देऊन, बायकोच्या उशीकडे तोंड करून.

४

संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात फोन लावला. लेक खाली औषधं आणायला गेली होती.

"निघाली का?" बायकोनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"निघाली."

"सगळी? पलंगाखालची पण?"

शेठ दचकले. "पलंगाखालची का विचारतेस?"

"उगाच."

"अगं, एक सांग. तू पालथी पडलीस. घसरली असतीस तर पाठीवर पडली असतीस."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा नीट चौकशी केलीत," ती म्हणाली. "पाय उचलेना हो. वर खेचत होते, उचलेना. म्हणून तोल गेला."

"कशात अडकला?"

"अडकला नाही. धरला." मग घाईघाईनं, "लेकीला सांगू नका. गोळ्या वाढवतील माझ्या."

"अगं, पण कुणी..."

"मला काय ठाऊक? मी काय वाकून विचारलंय? आधी मागून असायचं. मी थांबले की थांबायचं. तळव्याला ऊब लागायची, एवढंच. तुम्ही दुकानात, लेक शाळेत. मला त्रास नव्हता त्याचा. खरं सांगू? सोबत वाटायची."

"मग?"

"मग हल्ली ते पुढे व्हायला लागलं. मी गॅस बंद करायला वळायचे आणि पाय मात्र खोलीकडे निघालेला. असं दोन-चारदा झालं. त्या दिवशी मी म्हटलं, नाही जायचं मला."

"कुठे न्यायचं होतं त्याला?"

"ते कळायच्या आत पडले ना."

शेठच्या कानाशी फोन गरम झाला होता. "मला कधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही टिचकी मारून म्हणाला असता, पक्की आहे."

त्यांना हसू आलं नाही. तीही हसली नाही.

५

बुधवारी मिस्त्रीनं खालचा माल सगळा फोडून काढला. शेठ उभे राहून बघत होते. ते एकदाही बसले नाहीत, चहा घेतला नाही. खाली स्लॅब लागला. कोरा, एकसंध, करडा. शेठनी पायानं, हातानं, छिन्नीच्या दांड्यानं सगळीकडे ठोकून पाहिलं.

"काय हरवलंय का शेठ?"

"खाली पोकळी आहे का बघतोय."

"खाली खालच्यांचं घर आहे," मिस्त्री म्हणाला. "त्यांच्याकडे पंखा फिरतोय, आवाज येतोय बघा. मधे मुंगीला जागा नाही."

हे खरं होतं. खालचा पंखा ऐकू येत होता. शेठना त्या घरघरीनं इतका धीर आला, की काल संध्याकाळी बायकोशी बोललेलं त्यांनी मनातल्या मनात नीट घडी करून बाजूला ठेवलं. भुलीचं औषध आठवडाभर अंगात राहतं म्हणतात. बाई दिवसभर एकटी असायची. चूक आपलीच, दुकानातून दुपारी घरी यायला हवं होतं. आणि पलंगाखालचे खळगे? भट्टीतला दोष. असे दोष असतात. त्यांनी एका आवंढ्यासरशी तो खुलासा गिळला, पण गिऱ्हाइकाला हाच खुलासा दिला असता तर गिऱ्हाईक दुकानातून उठून गेलं असतं, हेही त्यांना कळत होतं.

जुन्या टाइल त्यांनी मिस्त्रीला न्यायला सांगितल्या. मिस्त्री बघतच राहिला. "अख्ख्या हव्या होत्या ना?"

"फोड. घरापासून लांब नेऊन फोड."

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास शेवटची नवी टाइल बसली. खरखरीत, पांढुरकी, पाय न घसरणारी. मिस्त्रीनं रबरी हातोडीनं कडा सारख्या केल्या, सांधे पुसले आणि बजावलं, "उद्या दुपारपर्यंत यावर पाय नाही. खालचा माल ओला आहे. मांजरसुद्धा नको." आणि तो हात धुवायला खालच्या नळावर गेला.

त्याच वेळी लेकीचा फोन आला. "बाबा, दवाखान्याला पलंग रिकामा करून हवा होता, आईला आजच सोडलं. आम्ही पाच मिनिटांत पोचतोय. बाहेरच्या खोलीत निजेल ती आजच्या दिवस. चालेल ना?"

"चालेल," शेठ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

६

ते पॅसेजच्या तोंडाशी, दगडी फरशीवर स्टूल घेऊन बसले. खिडकीतून ऊन आडवं येत होतं. नवी फरशी तपासायची ती अशाच उन्हात. कुठे सुताएवढी कड वर असली तरी सावली पडते. एकही सावली नव्हती. मिस्त्रीचा हात चांगला होता.

खालचा पंखा बंद झाला.

खोलीत, पलंगाच्या जागी, एका टाइलला सावली आली.

शेठनी चष्मा सारखा केला. कड वर आली होती, एक सूत, फार तर दीड. ओल्या मालावर टाइल दबते. भार पडला की खाली जाते. वर यायला तिला कारण नसतं. ते बघत असताना ती हळूच खाली बसली, पुन्हा सपाट झाली, आणि तिच्या अलीकडची वर आली.

मग तिच्या अलीकडची. आखूड अंतर. एक डावीकडे, एक उजवीकडे. सांध्यांतून ओलं सिमेंट बारीक रेघेसारखं वर दाटून येत होतं आणि परत आत जात होतं. आवाज काहीच नव्हता. ते खोलीतून बाहेर पडलं आणि पॅसेजला लागलं.

जिन्यात वॉकरचा ठक ठक आवाज आला. लेकीचा आवाज : "सावकाश गं आई."

बाहेरच्या खोलीचं दार उघडंच होतं. शेठना उठून ते लावायचं होतं. पण नजर काढता येत नव्हती. आता त्यांच्या समोरची, अगदी उंबऱ्याला लागून असलेली टाइल वर येत होती.

या धंद्यातल्या माणसाला ओल्या मालावर टाइल उठलेली दिसली की त्याचा पाय त्याला विचारत नाही. तीस वर्षांत शेठनी अशा हजार कडा टाच ठेवून बसवल्या असतील. त्यांनी चप्पल काढली, उजवा पाय पुढे केला आणि टाइल दाबली.

टाइल खाली गेली. तळव्याला ऊब लागली. मग टाइलच्या जाडीपलीकडून, अगदी नेमकेपणानं, टाचेला टाच आणि चवड्याला चवडा लागला.

"अहो!" बायको दारात उभी होती, वॉकरला धरून, निम्मी झालेली. लेक मागे पिशव्या घेऊन जिन्यातच होती. "ओल्या फरशीवर काय उभे?"

ती ठक ठक करत जवळ आली. त्यांच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. पायाकडे पाहिलं. मग कुणी अडवायच्या आत तिनं चपलेतून पाय काढला आणि शेजारच्या नव्या टाइलवर नुसता टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. लहान मूल पाण्यात पाय घालून बघतं तसा.

"गार लागतेय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "अहो, नुसती गार लागतेय. काही नाही खाली."

"मग बरं झालं," शेठ म्हणाले.

"तुम्ही या इकडे."

"येतो."

त्यांनी पाय उचलून पाहिला. मांडीच्या शिरा ताणल्या, घाम आला. पाय जागचा हलला नाही. बायकोला ते कळलं. तिनं वॉकरचा एक हात सोडला आणि त्यांच्या मनगटाला घट्ट धरलं. तिचा तोल जायला लागला, तरी ती सोडेना. "ओढते मी. या. लेकीला हाक मारते."

तेव्हा टाइलखाली काहीतरी वळलं. तळवा सुटला नाही, नुसता फिरला, खोलीच्या दिशेनं.

शेठनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिचा हात वॉकरच्या मुठीवर ठेवला, वरून आपल्या हातानं दाबला. "धर नीट," ते म्हणाले. "पडशील."

"अहो, नका..."

"शेठ!" मिस्त्री जिन्यातून ओरडला. "अहो, माल ओला आहे!"

पण खालचं ते ओढणार, हे शेठना कळलं होतं, आणि आपल्याला ओढलं जाताना बायकोनं बघावं हे त्यांना नको होतं. म्हणून खालचं ते पुढे व्हायच्या आत, जणू पलंगाची जागा एकदा नीट बघून यावी म्हणून निघाल्यासारखं, त्यांनी स्वतःच आत पाऊल टाकलं.